आवतणाची कॅसेट

आमच्या घरी टेप आला तो भावजींमुळे. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. ते मुंबईला बंदरात कामाला होते. त्यांच्या खोलीत माणसं इतकी, की कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलायची. तिथं ही वस्तू टिकणार नाही म्हणून एका शिमग्याला ते ती गावी घेऊन आले आणि मधल्या घरातल्या फडताळात ठेवून गेले. चपटा काळा डबा, खांद्याला अडकवायचा कातडी पट्टा, पुढं एका ओळीत बटणं, आणि पोटात सेल. पासली गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथं तेव्हा विजेचे खांबसुद्धा आले नव्हते.

मी चौथीपर्यंत शिकले. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मला शब्द फुटत नसे. पाहुण्यांना पाणी द्यायला गेले तरी तांब्या ठेवून मागं सरायची. पण हातांच्या बाबतीत मला कधी भीती वाटली नाही. कुलूप अडलं, कंदिलाची वात वर सरकेना, शिलाईचं मशीन दोरा तोडायला लागलं, की घरातली माणसं मलाच हाक मारत. वस्तू बिघडली म्हणजे तिच्यात कुठंतरी काहीतरी अडलेलं असतं किंवा सुटलेलं असतं, ते शांतपणे शोधायचं, एवढंच. वस्तूशी बोलावं लागत नाही, हे मला फार बरं वाटायचं.

आता आवतणाचं सांगते. आमच्या भावकीत लग्न निघालं की हळदीच्या दिवशी सकाळी घाणा भरतात. जात्याला, उखळाला, मुसळाला हळदकुंकू लावायचं, मुसळाला आंब्याचा डहाळा बांधायचा, आणि जात्यात हळकुंडं पडायच्या आधी भावकीतल्या थोरल्या बाईनं आवतण म्हणायचं. आवतण म्हणजे देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना लग्नाचं बोलावणं. ते गाऊनच द्यायचं. आधी देव्हाऱ्यातले देव, मग दारातली तुळस, वेशीवरचा मारुती, नदीच्या आसरा, खिंडीतला म्हसोबा, गडावरची मेंगाई, असं घरातून निघून चालत गेल्यासारखं पुढं पुढं जायचं, ते पार जेजुरीपर्यंत. मग मागं फिरायचं आणि घरची गेलेली माणसं घ्यायची. त्यांची नावं घ्यायची नाहीत. जे माणूस ज्या जागी आठवतं, त्या जागेवरून त्याला हाक मारायची. बांधावरल्या आजोबा, पाणवठ्यावरल्या थोरल्या बाई, झोळीतल्या तान्ह्या बाळा. एक जरी सुटला तरी तो रुसतो, असं सगळ्या मानत.

हे आवतण माझ्या सासूबाईंना सगळं येत होतं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. बाकीच्या बायका नुसते मागनं ओळीचे शेवटचे शब्द ओढायच्या. शिकायचं म्हटलं तरी शिकता येत नसे, कारण लग्न नसताना आवतण तोंडातून काढायचं नाही, असा आत्याबाईंचा कडक नियम. एकदा भांडी घासता घासता मी दोन ओळी गुणगुणले, तर त्यांनी हातातली फुंकणी माझ्यावर उगारली.

"मुक्यानं घास की गं! देव आलं आन चुलीवर काय न्हाई, तर तोंड कुठं लपवशील?"

टेप आला त्याच वर्षी आमच्या शेजारघरच्या काकींच्या, म्हणजे माझ्या चुलत सासूबाईंच्या मुलाचं लग्न झालं. तेव्हा भावजींनी सुपाच्या आड टेप ठेवून आत्याबाईंचं आवतण पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून घेतलं. कुणाला कळलं नाही. लग्न आटोपल्यावर त्यांनी मोठ्या हौसेनं ते ओसरीवर लावलं. पहिली ओळ वाजली आणि आत्याबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या.

"बंद कर मुडद्या, बंद कर!"

"आगं आये, तुजाच आवाज हाय."

"माजा हाय म्हनूनच म्हनते. देवास्नी काय ठावं, मी बोलावते का डबा बोलावतोय?"

भावजी पोट धरून हसले, पण बटण दाबून बंद केलं. आत्याबाईंनी ती कॅसेट पिवळ्या फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्याच्या मागं ठेवली. लग्नाशिवाय तिला हात लावायचा नाही, असं सगळ्यांना बजावलं. तेव्हापासून ती कुणी वाजवून बघितली नाही. पहिल्या ओळीपुढं ती नीट भरली आहे की नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढं माझे सासरे गेले. त्यांना पुण्याच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथंच गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात आत्याबाईंना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. डाव्या हातानं त्या घर चालवायच्या. एक बोट दाखवलं की भात टाक, तळवा हलवला की पुरे. रागावल्या की जमिनीवर चापट मारायच्या, ती मागच्या दारापर्यंत ऐकू यायची.

अशात वन्संचं लग्न ठरलं. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद, घरातलं शेंडेफळ. वैशाखातली तिथी धरली. आमच्या दारात मांडव, म्हणून हळदही आमच्याकडेच. पाहुणे उठून गेले आणि काकींनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"आवतण कोन म्हननार गं?"

आत्याबाईंनी डावा हात उचलून देव्हाऱ्याकडं बोट केलं. आम्ही सगळे पिवळ्या फडक्याकडं बघत राहिलो.

"ह्ये काय!" काकी म्हणाल्या. "डबा बोलावनार देवास्नी? मंग उद्या नवरीबी डब्यातच घालून धाडा."

आत्याबाईंनी जमिनीवर चापट मारली. बोट देव्हाऱ्यावरून काढलं नाही. मग तेच बोट हळकुंडांच्या टोपलीकडं नेलं आणि नाही नाही असं हलवलं. अर्थ स्वच्छ होता. आवतण नाही, तर हळद नाही. वन्संचा चेहरा बघून काकींनीही वाद सोडला.

आत्याबाई नंतर माझ्याकडं वळल्या, आणि तेच बोट माझ्याकडं केलं. टेप चालता ठेवायचं काम माझ्यावर आलं. भावजींना बंदरातून सुट्टी मिळत नव्हती, ते लग्नाच्या दिवशीच पोचणार होते.

मी हळदीच्या आठ-दहा दिवस आधी टेप काढला. आवतणाची कॅसेट लावायची नव्हतीच. भावजींनी सिनेमाच्या गाण्यांची एक कॅसेट ठेवली होती, ती घातली आणि बटण दाबलं. बाईचं गाणं होतं, पण आवाज आला तो झोपेतून उठवलेल्या रेड्याचा. तोही लांबून, घोंगडीखालून आल्यासारखा. मधेच चाक कुईकुई करायचं, गाणं लोळायचं, परत उठायचं.

वन्सं कपाळाला हात लावून म्हणाल्या, "वहिनी, आयचा आवाज असा आला तर देव वाटंतनंच माघारी फिरतील."

पहिला संशय सेलांवर. सेल उन्हात ठेवले, थोडी धुगधुगी आली, मग वेल्ह्याहून नवेच आणवले. आवाज मोठा झाला, पण रेडा रेडाच राहिला. म्हणजे सेलांचं नव्हतं. मी एकेक गोष्ट बाजूला सारत होते. घोगरा आवाज हे एक दुखणं आणि घोंगडीखालचा आवाज हे दुसरं, एवढं माझ्या लक्षात आलं. एकाच कारणानं दोन्ही होत असेल असं वाटेना.

मी जेवणं वाढायला गेले तेवढ्यात आमच्या ह्यांनी इलाज करून टाकला. त्यांना कुईकुई ऐकू आलं होतं. गाडीचं चाक कुरकुरलं की वंगण, मोटेचं चाक कुरकुरलं की वंगण, तेच त्यांनी इथं केलं. शिलाईच्या मशीनचं तेल घेऊन कॅसेटच्या कप्प्यात जिथं जिथं काही फिरतंय तिथं तिथं सोडलं.

"बघ, आता न्हाई करत कुईकुई," ते खुशीत म्हणाले.

करत नव्हतं खरं. मी बटण दाबलं. गाणं दोन शब्द बोललं, गुरगुरलं, आणि आतून कुरकुर चावल्यासारखा आवाज आला. झाकण उघडलं तर सिनेमाच्या कॅसेटची फीत बाहेर येऊन चाकाला गुंडाळली होती, चुरगळून पार तिची शेवई झाली होती. मी ती हळूहळू सोडवली, पण मधला तुकडा गेलाच.

हे पाठ फिरवून बसले. मला दिसत होती ती पिवळ्या फडक्यातली कॅसेट. तिची दुसरी प्रत नव्हती. ती ह्या यंत्रात अशीच घातली असती, तर आवतण कायमचं गेलं असतं.

म्हणून मी भोरला जायचं ठरवलं. तिथं चौपाटी म्हणतात त्या चौकाच्या अलीकडं एक रेडिओ दुरुस्त करणारा होता, भावजींच्या ओळखीचा. ह्यांना मांडवाची कामं होती. वन्संना बांगड्या भरायच्या होत्या, म्हणून त्या माझ्याबरोबर आल्या. टेप एका पाटीत, वर बाजरीच्या भाकरी आणि फडकं. दोन्ही कॅसेटी मी कमरेच्या पिशवीत ठेवल्या. वेल्ह्यापर्यंत चालत, तिथून एसटी. विंझर गेलं, मार्गासनी गेलं, चेलाडीला उतरून भोरची गाडी धरली. गाडीत वन्सं शेजारच्या बाईला सगळी कथा सांगत होत्या आणि मी पाटी मांडीवर घेऊन खिडकीतून बघत होते.

दुकानदार चष्मेवाला, तोंडात सुपारी. भिंतीला उघडे रेडिओ टांगलेले. त्यानं टेप हातात घेऊन उलटा केला, मागचे स्क्रू काढले, कप्प्याचं झाकण काढलं आणि आत बघतच राहिला.

"कोण आजारी होतं यात?"

"काय झालं?" वन्संनी विचारलं.

त्यानं काडीला कापूस गुंडाळला, कसल्याशा द्रवात बुडवला आणि आतल्या एका चकचकीत ठोकळ्यावर फिरवून बाहेर काढला. कापूस लालभडक.

"ताई, हे कुंकू आहे."

मी आणि वन्संनी एकमेकींकडं बघितलं. मग वन्सं फस्सकन हसल्या. खंडेनवमीला आमच्याकडं घरातली सगळी अवजारं पुजतात. कोयता, विळा, नांगराचा फाळ, शिलाईचं मशीन, आणि टेप आल्यापासून टेपसुद्धा. आत्याबाई सढळ हातानं चिमूट सोडायच्या. टेपला त्यांनी दरवर्षी बरोबर मधोमध, म्हणजे कप्प्याच्या फटीवरच पूजलं होतं.

"अहो, यंत्राची ओटीसुद्धा भरलीत काय?" दुकानदार म्हणाला. "तांदूळ नाही ना सापडायचे आत?"

एक तांदूळही सापडला. मग मात्र तो सुपारी बाजूला काढून हसला.

हसून झाल्यावर त्यानं मला जवळ बोलावून दाखवलं. मी लांब उभी होते, पण दाखवायला लागल्यावर माझं मलाच कळलं नाही कधी वाकले. हा चकचकीत ठोकळा म्हणजे हेड. फीत यावरून घासत जाते आणि हा ती वाचतो. यावर कुंकू बसलं, म्हणून आवाज घोंगडीखालचा. ते त्यानं पुसून साफ केलं. शेजारी रबराचं चाक, ते फितीला पुढं ओढतं. आणि मागच्या अंगाला एक बारीक रबरी पट्टा, तो मोटरीची ताकद चाकाला देतो. चाक आणि पट्टा दोन्ही तेलानं बुळबुळीत. पट्टा घसरतो, फीत सावकाश चालते, म्हणून रेडा. पुढचं चाक फीत सोडतं आणि मागचं ओढत नाही, म्हणून ती बाहेर येऊन गुंडाळते.

"पट्टा आधीच जरा सैल झाला होता, वर तेल पडलं. नवा घालू. पुण्याहून मागवावा लागेल. ठेवून जा, पुढच्या बाजाराला न्या."

"पुढच्या बाजाराच्या आदी माजी हळद हाय की वो दादा," वन्सं म्हणाल्या.

त्यानं पट्टा काढून बोटांत ताणून बघितला. "तुटलेला नाही. तेल निघालं तर धकेल थोडे दिवस. पण स्पिरिट लावलं की रबर चिरतं. साबणाचीही भीती वाटते."

मी तोंड उघडलं ते मला अजून आठवतं, कारण माझाच आवाज मला परका वाटला.

"रिठ्यानं निघंल."

तो थांबला. "रिठा?"

"डोईचं तेल निघतं. लोकरीचंबी निघतं. लोकर आटती गरम पान्यात. ह्ये बी आटंल जरा, तर बरंच की."

"हे कधी केलं नाही मी," तो म्हणाला. "पण वाईट नाही. पाणी उकळतं नको, कढत घ्या. सावलीत वाळवा. पूर्ण वाळल्याशिवाय चढवू नका." मग त्यानं पट्टा कसा काढायचा, कुठल्या खाचेतून कसा फिरवून चढवायचा, ते माझ्याकडून करवून घेतलं. मी चुकले की "हं" म्हणायचा, बरोबर केलं की गप्प राहायचा. मला असा गुरुजी शाळेत मिळाला असता तर बरं झालं असतं.

शेवटी त्यानं हात पुढं केला. "जी कॅसेट वाजवायची आहे ती द्या. ती बघू ठीक आहे का."

मी पिशवी कमरेशी घट्ट धरली. वन्संनी त्याला नियम सांगितला. लग्नाशिवाय वाजवली तर देव येतात.

"इथं, दुकानात?" तो म्हणाला. पण तोंड वाकडं केलं नाही. त्यानं आपली भजनांची कॅसेट लावून बघितली. आवाज स्वच्छ होता, फक्त चाल सुस्त. "हे बघा, वाजवू नका. पण वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात. नुसती हातानं पुढं-मागं गुंडाळून घ्या. तेवढ्यानं आवाज निघत नाही. देवांना कळायचं नाही."

त्या दिवशी विंझरला माझ्या माहेरी मुक्काम केला आणि सकाळी वाडीवर आलो.

घरी आल्यावर पहिल्यांदा आत्याबाईंना विचारलं. कॅसेट त्यांच्यापुढं धरली, गुंडाळायची खूण केली, कानावर हात ठेवून आवाज नाही असं सांगितलं. त्यांनी बराच विचार केला. मग पापण्या मिटून मान हलवली. मी करंगळीएवढी कारवीची काडी घेऊन तिचं टोक कॅसेटच्या दातांत बसेल असं तासलं आणि ओसरीवर बसून फीत एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला नेली आणि परत सुरुवातीला आणली. मधे दोनदा अडली. जोर केला नाही. मागं घेतली, परत पुढं नेली, सुटली. बोटांना कळतं कुठं चिकटलं आहे ते.

रिठे फोडून भिजत घातले. कढत पाण्यात पट्टा सोडला, बोटांच्या चिमटीत चोळला, पाणी बदललं, परत चोळला. पाण्यावर तेलाचे डोळे तरंगायचे थांबेपर्यंत करत राहिले. रबराचं चाक जागेवरच रिठ्याच्या चिंधीनं पुसलं, मग नुसत्या पाण्याच्या, मग कोरड्या. पट्टा सुपात, सूप फडताळावर, सावलीत. हे दोनदा येऊन विचारून गेले, "वाळला का?" मी मान हलवायची. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझ्या हातात तेलाची बुधली बघून दचकले. ती मी उतरंडीच्या मागं, त्यांच्या हाताला येणार नाही अशी ठेवायला चालले होते.

पट्टा वाळला तेव्हा बोटाला धरत होता, घसरत नव्हता. चढवला, स्क्रू पिळले. सिनेमाच्या कॅसेटचा न चुरगळलेला भाग लावला. बाई बाईच्या आवाजात गायली. वन्सं चुलीपुढून ओरडल्या, "रेडा मेला गं बया!" मी ती कॅसेट पुढून मागून लावून बघितली. एकदा चाललं म्हणजे चाललं असं मी धरत नाही. दुपारी लावली, संध्याकाळी लावली, टेप तिरपा करून लावली. फीत कुठंही बाहेर आली नाही. आता ती खरी कॅसेट घालायला माझा हात कचरणार नव्हता.

हळदीच्या सकाळी मधलं घर बायकांनी भरलं. जातं पुसून मांडलेलं, मुसळाला डहाळा. आत्याबाईंना भिंतीला टेकवून बसवलं होतं. त्यांनी माझा पदर डाव्या हातात धरला होता. टेप पाटावर ठेवला. काकी म्हणाल्या, "कुकू लावू का गं याला?" आणि सगळ्या खिदळल्या. मी टेपच्या कातडी पट्ट्याला लावून घेतलं.

पिवळं फडकं सोडलं. कॅसेट घातली आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर, भांड्यांचे आवाज, एक मूल रडलेलं. मग आत्याबाईंचा आवाज आला. खडा, जरा नाकातला, जसा होता तसा.

"देव्हाऱ्याच्या देवा, तुला आवतन, लेकराच्या हळदीला यावं येळंनं."

त्या वेळी लग्न काकींच्या मुलाचं होतं, पण आवतणात 'लेकरू' असतं, म्हणून अडलं नाही. बायकांनी सवयीनं मागची ओढ घेतली. तुळस झाली, मारुती झाला, आसरा झाल्या. आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या आणि त्यांचे अर्धे ओठ हलत होते. म्हसोबाच्या जागी फीत जराशी लोळली. मी बोट टेपला लावून धरलं, ती सावरली. मेंगाई झाली. जेजुरीला पोचून आवतण माघारी फिरलं आणि घरच्या माणसांना हाका सुरू झाल्या.

तेवढ्यात टेपमधून, लांबून, अंगणातून आल्यासारखा एक पुरुषाचा आवाज आला.

"लाकडं वढा रं भायेर! भात खाली लागतोय!"

माझे सासरे. मामंजी. त्या लग्नात भाताच्या चुलवणापाशी, म्हणजे अंगणातल्या मोठ्या चुलीपाशी, तेच होते. भावकीत कुणाचंही लग्न असो, मोठ्या हंड्यातला भात त्यांच्याशिवाय कुणी उतरवत नसे. बायकांची ओढ तिथल्या तिथं थांबली. वन्संनी तोंडाला पदर लावला. टेपमधल्या आत्याबाई मात्र थांबल्या नव्हत्या, त्या बांधावरच्या आजोबांना बोलावत होत्या, पाणवठ्यावरच्या थोरल्या बाईंना, झोळीतल्या बाळाला. मग त्यांनी शेवटची ओळ म्हटली आणि टेपमध्ये जात्याची घरघर सुरू झाली. मी बटण दाबून बंद केलं.

काकींनी हळकुंडांना हात घातला. आत्याबाईंनी जमिनीवर चापट मारली.

"आता काय र्‍हायलं?" काकी म्हणाल्या.

मला कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं. आवतण भरलं तेव्हा मामंजी जिवंत होते. बोलावलेल्यांत ते नव्हते. त्यांच्या लेकीची हळद, आणि त्यांनाच बोलावणं नाही.

"मंग त्यांचं वायलं म्हनू," कुणीतरी म्हणालं. पण म्हणायचं कसं? गेलेल्या माणसाची जागा पहिल्यांदा थोरली बाई ठरवते. मामंजी गेल्यापासून भावकीत लग्नच झालं नव्हतं. त्यांची जागा ठरलीच नव्हती.

"जिथं जीव गेला तिथली जागा घ्या," काकी म्हणाल्या. "दवाखान्यातल्या म्हना."

चापट.

"मंग खाचरातल्या म्हना. जलम खाचरात गेला त्येंचा."

आत्याबाईंनी मान हलवली, पण ती नाही म्हणून. त्यांचा हात माझ्या पदरावर परत आला आणि त्यांनी पदर खाली ओढला, मी वाकेपर्यंत. त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. सगळं घर माझ्याकडं बघत होतं. नेहमीसारखं मागं सरायचं म्हटलं तर पदर त्यांच्या हातात होता. आणि मला जागा माहीत होती. आत्ताच ऐकली होती, सगळ्यांबरोबर. मी डोळे जात्याच्या खुंट्यावर ठेवले.

"चुलवनाच्या मामंजी, तुमास्नी आवतन, लेकीच्या हळदीला यावं येळंनं."

आवाज बारीक निघाला, पण सूर बरोबर लागला. आधी काकींनी ओढ घेतली, आपल्या भसाड्या आवाजात, आणि त्यांच्यामागं सगळ्यांनी. आवतणाची ओळ तीनदा म्हणायची असते. दुसऱ्यांदा मी जरा मोठ्यानं म्हटलं. तिसऱ्यांदा बाहेर अंगणात लाकडं फोडणारे हे कुऱ्हाड थांबवून ऐकत होते, असं वन्संनी मला नंतर सांगितलं.

आत्याबाईंनी पदर सोडला. डाव्या हातानं टोपलीतलं एक हळकुंड उचललं, जात्याच्या तोंडात टाकलं, आणि माझा हात धरून खुंट्यावर ठेवला.